आपल्या हाताचा घास

‘व्यवसाय’ हा शब्द आपल्या माणसांच्या कानाला निरागस वाटत नाही. ज्यांचे धंदे त्यांनी निवडले नाहीत, जन्मानेच त्यांच्यावर लादले, त्यांना तो कसा वाटावा? म्हणून ‘व्यवसायोपचार’ हे नाव प्रथम ऐकले तेव्हा, अपंग मुलांना खुर्च्या विणायला बसवण्याची ही एखादी योजना असावी असा माझा समज झाला. तो चुकीचा होता. इथे व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभरात जे जे करतो ते सारे: तोंड धुणे, सदरा घालणे, जेवणे, खेळणे, शाळेत जाणे. ही कामे मुलाला आपली आपण करता यावीत, यासाठीचे हे शास्त्र आहे. जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्याचे शिक्षण सुरू केले. आज ते नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही मिळते.

मला हे पुस्तकातून कळले नाही. नांदगाव खंडेश्वरात राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. म्हणजे जन्माच्या सुमारास मेंदूला इजा झाल्याने हातपाय ताब्यात राहत नाहीत. सात वर्षांचा होईपर्यंत त्याने स्वतःच्या हाताने एक घास खाल्ला नव्हता. मी काही बोललो की वहिनी म्हणायची, “त्याले कायले तरास देता, भाऊजी? मी हाय नं भरवाले.”

उपचार करणाऱ्या बाईंनी औषध दिले नाही. त्यांनी आधी मुलाचे बसणे पाहिले. पाय लोंबकळत असले की त्याचा सारा जीव तोल सावरण्यात जातो. पायाखाली विटा ठेवल्या, हात मोकळा झाला. चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळून जाड मूठ केली. उंच काठाच्या ताटलीखाली ओले फडके ठेवले, ती सरकेना. सदरा घालताना कमजोर हात आधी, काढताना चांगला हात आधी. आणि सर्वांत महत्त्वाचे: काम शेवटाकडून शिकवायचे. सदरा आईने घालावा, शेवटचा ओढा मुलाने घ्यावा. तो जमला की त्याच्या आधीची पायरी त्याच्यावर सोडावी. त्यामुळे काम पुरे केल्याचा आनंद दर वेळी मुलालाच मिळतो.

चार महिन्यांनी त्याने वरणात कुस्करलेल्या भाकरीचा घास तोंडापर्यंत नेला. अर्धा सांडला. वहिनी पदराने डोळे पुसत राहिली.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आपल्या हाताने पाणी घेणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तिथे हात अडवणारा द्वेष होता, इथे माया आहे. पण अडलेला हात तो अडलेलाच.

मात्र एक धोका ओळखला पाहिजे. एका शाळेने या मुलाला “स्वतःचे स्वतः करू लागला की आणा” असे सांगून परत पाठवले. आधी लायक व्हा, मग हक्क मागा, ही भाषा आपल्या ओळखीची आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तसे म्हणत नाही. ठरावीक प्रमाणात, म्हणजे किमान ४० टक्के, अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. स्वावलंबन हे हक्काचे फळ आहे, हक्काची अट नव्हे.

शिवाय उपचार शहरात आहेत आणि मूल खेड्यात. अमरावतीची एक खेप म्हणजे वहिनीची निंदणाची एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून जमिनीवर बसून जेवणाऱ्या, टेबल नसलेल्या घराला जमेल असाच उपचार सांगितला गेला पाहिजे. आणि आपण शिक्षक-कार्यकर्त्यांनी वस्तीतील अशा मुलांची यादी करावी, प्रमाणपत्राच्या खेपांना आईसोबत जावे, शाळेच्या दारात तिच्या बाजूने उभे राहावे.

पुतण्या आता शाळेत जातो. सदऱ्याची वरची गुंडी अजून त्याला लागत नाही. ती लावायला मी हात पुढे केला, तर तो माझा हात बाजूला सारतो.