उभी बाटली, आडवी बाटली आणि नववीचा वर्ग

नववीतल्या मुलाला ‘तुझं मत लिही’ म्हटलं की तो दुसऱ्याचं मत लिहितो. मुलगी असेल तर बहुधा आईचं, मुलगा असेल तर चौकातल्या मोठ्या पोरांचं. त्या वयात स्वतःचं मत आणायचं तरी कुठून? पण मत असणं वेगळं आणि ते समोरच्याच्या गळी उतरवणं वेगळं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवताना मी नववीकडून दरवर्षी एक प्रकल्प करून घेत असे. एखादा चालू राजकीय प्रश्न घ्या, बाजू ठरवा आणि विरुद्ध मताच्या एका तरी माणसाला पटवून दाखवा. २०१० च्या हिवाळ्यात हे सुरू झालं आणि २०२२ पर्यंत चाललं. याच काळात आमच्या जिल्ह्यातल्या दारूच्या धोरणानं दोनदा कूस बदलली. ते नसतं झालं, तर प्रकल्प दोन-चार वर्षांत कार्डशीट आणि स्केचपेनांत विरून गेला असता.

सुरुवातीचे प्रकल्प पाहवत नसत. पहिल्या पानावर गणपती, मग प्रस्तावना, ऋणनिर्देश, वर्तमानपत्राची कात्रणं आणि शेवटी समारोप. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळायचे, त्यामुळे एका वर्गातले पाच समारोप शब्दशः सारखे. जे स्वतः लिहीत ते वक्तृत्व स्पर्धेत गाजलेले. त्यांच्या लिखाणातही ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ डोकावायचे. वक्तृत्व स्पर्धेनं महाराष्ट्राला बोलके पुढारी दिले हे खरं. पण पटवण्याची कला तिनं बिघडवली, असं माझं ठाम मत आहे. तिथे श्रोते आधीच आपल्या बाजूचे असतात. टाळी मिळाली की काम झालं, कोणाचं मत बदललं की नाही हे कोणी विचारत नाही.

डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून बायका पायी निघाल्या. जिल्ह्यात दारूबंदी करा, ही मागणी घेऊन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर मोर्चा होता. पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गार या संघटनेनं हे आंदोलन उभं केलं होतं. माझ्या वर्गातल्या दोघी-तिघींच्या आया त्यात चालत होत्या. विषय शोधायची गरजच उरली नाही. शेजारच्या वर्ध्यात सत्तरच्या दशकापासून बंदी, गडचिरोलीत १९९३ पासून, मग मधल्या चंद्रपुरात का नाही? मी हात वर करायला सांगितलं. सगळा वर्ग बंदीच्या बाजूचा निघाला.

आता पटवायचं कोणाला? त्या अडचणीतून प्रकल्पाचा एक नियम निघाला आणि तो शेवटपर्यंत टिकला. प्रकल्पाचं पहिलं पान विरुद्ध बाजूचं. तिचं म्हणणं असं मांडायचं की त्या बाजूच्या खऱ्याखुऱ्या माणसानं वाचून खाली सही केली पाहिजे: ‘होय, माझं म्हणणं हेच आहे.’ आपल्याकडच्या शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला तोंड उघडता येत नसे, तीच ही रीत. सही नाही तर पुढची पानं तपासायची नाहीत.

एका मुलीचं ते पान अजून डोळ्यांपुढे आहे. तिची आई मोर्चात होती आणि मामा देशी दारूच्या परवानाधारक दुकानात गल्ल्यावर बसायचा. तिनं लिहिलं होतं, ‘दारू विकणाऱ्यांना फक्त नफा हवा असतो.’ मामानं ती ओळ निळ्या पेनानं आडवी खोडली आणि समासात लिहिलं, ‘मला पगार आहे, नफा मालकाला. दुकान बंद झालं तर मला कोण ठेवणार?’ दुसरी एक ओळ त्याला आवडली, तिच्यापुढे बरोबरची खूण केली. मग सही, तारखेसकट. मुलगी ते पान घेऊन आली तेव्हा वैतागलेली होती. तिचा सगळा मजकूर ‘दारू वाईट’ या एका वाक्यावर उभा होता आणि मामानं ते वाक्य नाकारलंच नव्हतं. बाकीची पानं तिनं फाडून पुन्हा लिहिली. नव्या मजकुरात परवाने एकदम रद्द न करता टप्प्याटप्प्यानं करावेत, नोकरांना दुसरं काम मिळेपर्यंत मुदत द्यावी, अशा सूचना आल्या. चौदा वर्षांच्या मुलीनं धोरणाबद्दल विचार करायला सुरुवात केली ती तिथून.

या नियमाचा सराव मी एका जुन्या वादावर करून घ्यायचो. १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकानं वयाची मर्यादा १० वरून १२ वर नेली. आगरकर ‘सुधारक’मधून त्याच्या बाजूनं, टिळक ‘केसरी’तून विरोधात. मुलं एका मिनिटात निकाल द्यायची की टिळक चुकले. मग मी म्हणायचो, ठीक आहे, आता टिळकांनी सही केली असती असं पान लिहा. परक्या सरकारनं आमच्या चालीरीतींत कायद्यानं हात घालू नये, सुधारणा समाजानं आतून करावी, हे त्यांना स्वतःच्या शब्दांत मांडावं लागे. बहुतेकजण शेवटी आगरकरांच्याच बाजूला राहायचे. मात्र कशासाठी, हे आता त्यांना सांगता येई.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव आमच्यापासून फार लांब नाही. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने द्यायला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः तिथे आले होते. मुलांना तिथे नेलं ते यासाठी नाही. त्या गावात निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर. मुलं घरी येईपर्यंत यावरच भांडत होती. ‘मंग कामं कधी होतीन सर?’ असं एकानं विचारलं आणि प्रश्न रास्त होता. तिथलं दुसरं काहीतरी मात्र मी उचललं. मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा या कार्यकर्त्यांनी घडवलेल्या या गावात ग्रामसभेच्या जोडीला वेगळा अभ्यासगट असतो. अभ्यासगट फक्त समजून घेतो, निर्णय ग्रामसभा घेते. मी आठवड्याचे दोन तास असेच वाटले. पहिल्या तासाला कोणी बाजू घ्यायची नाही, फक्त माहिती आणि शंका. दुसऱ्या तासाला भांडण. पहिला तास मुलांना कंटाळवाणा वाटायचा. निम्मा प्रकल्प त्याच तासात तयार व्हायचा, हे त्यांना कळायचं नाही आणि मी सांगायचोही नाही.

१ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूरमध्ये दारूबंदी लागू झाली. आंदोलन जिंकलं आणि माझ्या वर्गाचा सोपा विषय संपला. आता प्रश्न होता, बंदी टिकते का? पोरांना सगळं ठाऊक असायचं: वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा आणि तिथली दुकानं चालू, खाली तेलंगणाची सीमा, कोणत्या गल्लीत पव्वा किती रुपयांना मिळतो आणि कुठल्या रानात मोहाची भट्टी लागते. पण ऐकीव माहितीवर सही मिळत नाही. तेव्हा आम्ही माहिती अधिकाराकडे वळलो. अर्जाला दहा रुपये शुल्क, उत्तराला तीस दिवसांची मुदत आणि महाराष्ट्रात २०१२ पासून एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत. शब्दमर्यादेवर कार्यकर्ते चिडलेले होते, ते योग्यच. नववीच्या मुलांना मात्र या १५० शब्दांनी जे शिकवलं ते निबंधाच्या तासाला कधी जमलं नव्हतं. ‘आपल्या जिल्ह्यात दारूमुळे किती नुकसान झाले?’ या प्रश्नाला कोणतंही कार्यालय उत्तर देऊ शकत नाही. ‘अमुक पोलीस ठाण्यात अमुक वर्षी दारूबंदी कायद्याखाली किती गुन्हे नोंदले?’ याला देऊ शकतं.

आकडे आले, गुन्हे वाढलेले. बंदीविरोधी गटानं जल्लोष केला. मग मागच्या बाकावरून एका मुलानं शंका काढली: आधी परवान्याची बाटली बाळगली तर गुन्हा नव्हता, आता तीच बाटली गुन्हा आहे, मग आकडा वाढणारच ना? आणि पोलिसांनी जास्त धाडी घातल्या तरी आकडा वाढणार, काहीच केलं नाही तर कमी दिसणार. वर्गात शांतता पसरली. हीच शंका पुढे मोठ्या माणसांच्या चर्चेत मी क्वचितच ऐकली. बंदी उठवताना आणि टिकवताना, दोन्ही बाजूंनी तेच आकडे आपापल्या सोयीनं वापरले.

दारूखेरीज इतर विषयही झाले. वेगळा विदर्भ हा विषय दरवर्षी कोणीतरी मागायचंच आणि प्रकल्प दरवर्षी फसायचा. मुलं १९५३ चा नागपूर करार लिहायची, फाजल अली आयोगानं १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली हे लिहायची, अनुशेष आणि अन्याय हे शब्द पानापानावर. पण हे पटवायचं कोणाला? मुंबईला? दिल्लीला? की लातूरहून बदली होऊन आलेल्या आमच्या मुख्याध्यापकांना? पत्ता नसलेल्या पत्रासारखे ते प्रकल्प हवेत राहायचे. एका वर्षी ‘नोटा’, म्हणजे मतदानातला ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय, घेतला. २०१८ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं स्थानिक निवडणुकांत नोटाला सर्वाधिक मतं मिळाली तर फेरनिवडणूक घ्यायची असा आदेश काढला होता, आणि २०१९ च्या विधानसभेत लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर आला. मुलं रमली, पण वरवर. थेट सरपंच निवड मात्र गावागावांत पेटलेला विषय. २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. त्यावर लिहिताना मुलांची पेनं थांबत नसत, कारण घरातच कोणीतरी सदस्य होतं.

राजकारण शिकवता म्हणून तक्रार यायचीच. एकदा एक स्थानिक कार्यकर्ता शाळेत येऊन बसला, पोरांच्या डोक्यात काय भरता म्हणून. त्यानंतर वरून सूचना आली: प्रकल्पात कोणत्याही पक्षाचं किंवा पुढाऱ्याचं नाव नको. ही भीतीपोटी काढलेली सूचना होती आणि मला तिचा राग आला होता. तरीही तिचा फायदा झाला हे कबूल केलं पाहिजे. ‘अमक्यांनी केलं म्हणून चांगलं’ हा आधारच काढून घेतला. नाव नाही म्हटल्यावर निर्णय काय होता, कोणाला लागू होता, पैसे कुठून येणार होते, हेच लिहावं लागे.

२०१८-१९ मध्ये दहावीच्या भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले. २०१९ चा दहावीचा निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला, ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी ते गुण परत आले. मधल्या वर्षभर पालक विचारत, दहावीत गुण नाहीत तर नववीत प्रकल्प कशाला? त्या वर्षी निम्म्या मुलांनी काहीतरी उरकून दिलं. मला त्यांना दोष देववत नाही.

कोरोनाच्या दिवसांत वर्ग व्हॉट्सअॅपवर आला आणि पुरावा म्हणून फॉरवर्ड येऊ लागले. ‘सर, हे खरं आहे, काकांनी पाठवलंय.’ मी एकच विचारायचो, काका सही करतील का? बरेच काका माघार घ्यायचे.

याच काळात, २७ मे २०२१ रोजी, मंत्रिमंडळानं चंद्रपूरची बंदी उठवली. माजी सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या समितीचा अहवाल समोर होता. बंदी फसली, अवैध दारू आणि गुन्हेगारी वाढली, त्या धंद्यात बायका-मुलंही ओढली गेली, असं सरकारचं म्हणणं. दारूमुक्तीसाठी काम करणारे डॉ. अभय बंग यांनी त्याला कडाडून विरोध केला. बंदीची अंमलबजावणी नीट केली नाही म्हणून बंदीच काढायची, हे त्यांना मान्य नव्हतं.

शाळा उघडल्यावरच्या तुकडीला हा वाद नको होता. जिल्ह्याचं झालं ते झालं, आमच्या गावचं सांगा, म्हणाली. तेव्हा २००८ चा शासन निर्णय काढला. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सहीनिशी मागणी केली तर दुकानाबद्दल गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला नोंदलेल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं पडली तरच दुकान बंद. मुलांनी फळ्यावर गणित मांडलं. समजा, महिला मतदार ६४०. म्हणजे ३२१ हव्यात. चारशे आल्या आणि त्यांतल्या तीनशेंनी आडवी केली तरी दुकान चालूच. जी घरी राहिली तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला.

मग लढाई दारूशी नव्हतीच. कापूस वेचणीच्या दिवसांत रोजी बुडवून मतदानाला कोण येईल, हा प्रश्न होता. एका गटानं जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे निवेदन लिहिलं: असं मतदान घ्यायचं झाल्यास वेचणीचे दिवस सोडून घ्यावं आणि केंद्र वस्तीजवळ असावं. दीड पान, एकही विशेषण नाही. दुसरा प्रकल्प दुकानमालकाच्या मुलाचा. तो त्याच वर्गात होता. निम्म्याहून जास्तची अट बरोबर का, हे त्यानं मांडलं: परवाना रद्द झाला की एक कुटुंब आणि चार नोकर उघड्यावर येतात, तेव्हा निर्णयाला भक्कम बहुमत हवंच, आणि मुद्दा पटला असेल तर बायका वेचणी सोडूनही येतील. त्याच्या पहिल्या पानावर त्या गटातल्या मुलीची सही होती, तिच्या गटाच्या पानावर त्याच्या वडिलांची.

दोन्ही प्रकल्पांना मी वीसपैकी अठरा गुण दिले. दोघंही नाराज झाले आणि दुसऱ्याला आपल्याइतकेच कसे दिले म्हणून भांडायला स्टाफरूमपर्यंत आले.