चूळपंथकाला गाथा पाठ होईना

तुर्भ्याच्या एका विहारात रविवारची वंदना सुरू झाली की सहा वर्षांचा एक मुलगा दोन्ही कान घट्ट दाबून धरतो. लाऊडस्पीकर लागला तर दाराकडेच धावतो. हाक मारली तर वळून बघत नाही. पण बाहेरच्या चपलांची रांग तासभर लावत बसतो आणि एखादा जोड कुणी हलवला तर आकांत मांडतो. त्याची आई घरकामाला जाते. तिला आजवर तीन कारणे ऐकवण्यात आली : बाहेरची बाधा, मागच्या जन्मीचे पाप आणि आईचे दुर्लक्ष. पहिल्या दोहोंना आपण १९५६ सालीच मूठमाती दिली, असे आपण समजतो. पण ऐकवणाऱ्या बाया परक्या नव्हत्या. भेटल्यावर जयभीम करणाऱ्याच होत्या.

मागच्या वर्षी तपासणी झाली आणि त्या घरात ‘ऑटिझम’ हा शब्द आला. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. शब्द सुटसुटीत आहे, पण थोडा फसवा. मूल जणू हट्टाने स्वतःतच रमले आहे, असे त्यातून वाटते. खरे तर त्याच्या मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. आवाज, उजेड, स्पर्श त्याला आपल्यापेक्षा निराळे जाणवतात.

अशा मुलांचे बारकाईने वर्णन रशियातील डॉक्टर ग्रुन्या सुखारेवा या बाईंनी १९२५ सालीच केले होते. त्यांचे नाव मात्र बरीच वर्षे मागे राहिले. जगाने लक्षात ठेवले ते अमेरिकेतील लिओ कॅनर यांना. त्यांनी १९४३ साली अकरा मुलांची हकिगत छापली. त्यांच्याकडे येणारी बहुतेक घरे शिकलेली, सुस्थितीतील होती, म्हणून हा सुखवस्तू लोकांचाच विकार, असा समज पसरला. गरिबाचे मूल डॉक्टरपर्यंत पोहोचतच नव्हते, हे ध्यानात यायला वेळ लागला. पुढे तर दोष आईवरच आला. आईने माया केली नाही म्हणून मूल असे झाले, हे मत ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने घरोघर नेले. त्याआधीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलँड यांनी ते खोडून काढले होते. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि अशाच एका मुलाचे वडीलही. विलायतेत विज्ञानाच्या नावाने आणि आपल्याकडे कर्माच्या नावाने, बोट शेवटी आईकडेच गेले.

आपल्या परंपरेत यावर एक फार जुनी गोष्ट आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत चूळपंथक भिक्खूची कथा येते. थोरला भाऊ महापंथक याने त्याला एक गाथा दिली. चार महिने झाले तरी ती पाठ होईना. थोरल्याने त्याला घरी जायला सांगितले. जीवकाने भिक्खूसंघाला भोजनाला बोलावले तेव्हा त्याचे नावही गाळले. पहाटे तो निघाला, तेव्हा तथागतांनी त्याला थांबवले. त्याला नवी गाथा दिली नाही. हातात स्वच्छ पांढरे वस्त्र दिले आणि एकच शब्द म्हणत ते चोळत बसायला सांगितले. वस्त्र मळत गेले, आणि अनित्यता म्हणजे काय ते त्याला हातांनी कळले. पाठांतराने जे चार महिन्यांत झाले नाही, ते शिकवण्याची रीत बदलल्याने झाले.

अट्ठकथाकारांनी या कथेला पूर्वजन्मीच्या कर्माचे कारणही जोडले आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माची ही उपपत्ती नाकारली. असे मानले की दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला आणि राज्याला झटकता येते, हा त्यांचा आक्षेप होता. तुर्भ्याच्या त्या आईला हे कुणीतरी बसून सांगायला हवे होते.

दुसरी मुले आहेत ती वर्गात एका जागी न बसणारी, अर्धे ऐकून उठणारी. लंडनच्या जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशा मुलांचे वर्णन केले. आज त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता, असे नाव आहे. आपल्या वस्तीतल्या अशा मुलाला मात्र शाळेत ‘मठ्ठ’ हे एकच नाव मिळते, आणि कुणाच्या घरचा आहे यावरून ते लवकर मिळते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बुद्धी नसल्याचे ऐकवले गेले, त्यांच्या घरात हा शब्द जास्त खोल लागतो. म्हणून पुष्कळ आईबाप तपासणीलाच भितात.

पडद्यावर ‘चौकट राजा’ (१९९१) मधला दिलीप प्रभावळकरांचा नंदू लोकांनी जिवाभावाचा मानला. तो मात्र लहानपणीच्या अपघातामुळे तसा झालेला होता. ‘तारे जमीन पर’ (२००७) ने वाचता न येणाऱ्या ईशानला घराघरात नेले. चित्रपट चांगलाच आहे. पण ईशान चित्र सुंदर काढतो म्हणून तरतो. ज्याला चित्रही येत नाही त्याचे काय? जुडी सिंगर या ऑस्ट्रेलियन बाईंनी १९९८ साली ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा शब्द वापरला. मेंदूंची तऱ्हा निसर्गतःच नाना प्रकारची असते, असा त्याचा आशय. त्यात गुणांची अट नाही.

कायदा उशिरा आला. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझम व अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. एडीएचडीला मात्र वेगळे स्थान नाही. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असेल तर ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

नवी मुंबईत महापालिकेचे ईटीसी केंद्र वाशीला आहे, आणि बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे विभागीय केंद्र खारघरला. मूल दोन वर्षांचे होऊनही बोलत नसेल, नावाला वळत नसेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणत शाळेच्या वयापर्यंत थांबू नये. तुर्भ्याचा मुलगा सहाव्या वर्षी पोहोचला. विहारात आता त्याच्यासाठी दाराजवळची जागा ठेवली आहे. त्या वेळेपुरता लाऊडस्पीकर बंद असतो, आणि वंदनेनंतर चपला लावायचे काम त्याचे.