निळ्या खुणांची पोचपावती

आज व्हॉट्सॲपमधली एक बारीकशी गोष्ट घेऊ: मेसेजखालच्या दोन निळ्या खुणा.

नारायण पेठेतल्या आमच्या जुन्या घरी वडिलांची एक पत्र्याची पेटी होती. जागेच्या दाव्याचे कागद त्यात असत. त्यात एक रजिस्टर पाकीट होतं, समोरच्याने न घेतलेलं. त्यावर पोस्टमनचा शेरा होता, ‘घेण्यास नकार’. लहानपणी मी ते फोडायला गेलो तेव्हा वडील ओरडले होते. बंद पाकीट हाच पुरावा होता. पत्ता बरोबर आहे, पोस्टमन दारात गेला आणि माणसाने पाकीट घेतलं नाही, एवढं कळलं की कायदा नोटीस पोचली असं धरून चालतो. समन्स कुणी घेतच नसेल, तर शिवाजीनगर कोर्टाचा बेलिफ येऊन ते दारावर चिकटवून जाई. तुझ्याविरुद्ध काय चाललं आहे ते तुला कळलंच पाहिजे, या तत्त्वावर न्यायाचं सगळं घर उभं आहे. म्हणूनच बजावणीचा एवढा खटाटोप.

तोंड चुकवणाऱ्यांनी मात्र या खटाटोपाचाच आडोसा केला. घराला कुलूप लावायचं, पत्ता बदलायचा, तारखांवर तारखा पडू द्यायच्या. २०१७ मध्ये एका कन्नड चित्रपटाच्या कॉपीराइटचा वाद मुंबई उच्च न्यायालयात आला, तेव्हा प्रतिवादी हाती लागत नव्हता. वादीने ट्रूकॉलरवरून त्याचा नंबर पडताळला आणि व्हॉट्सॲपवर कागद पाठवले. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ते ग्राह्य धरले. पुढच्याच वर्षी, ११ जून २०१८ रोजी, एसबीआय कार्ड्सच्या थकबाकी वसुलीच्या प्रकरणात त्यांच्यापुढे आणखी स्पष्ट चित्र होतं. नोटिशीची पीडीएफ पाठवलेली होती आणि खाली निळ्या खुणा उमटलेल्या होत्या. म्हणजे मेसेज नुसता पोचला नाही, उघडलाही गेला. न्यायालयाने बजावणी झाली असं मानलं. करोनात, जुलै २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयानेही ई-मेल आणि अशा मेसेजमधून बजावणीला वाट करून दिली.

मला हा निर्णय रास्त वाटतो. जो माणूस दिवसभर फोनवर असतो, त्याने कोर्टापुरतं बेपत्ता राहावं हे चालवून घेण्यात अर्थ नाही. पण त्या खुणा नक्की काय सांगतात, हेही बघायला हवं. त्या फोनवर मेसेज उघडला गेला, एवढंच त्यांना ठाऊक असतं. कुणी उघडला, ते नाही. कितीतरी आजींचा फोन नातवंडंच हाताळतात. नातू गेम शोधताना पीडीएफवर बोट टेकवतो आणि आजींना नोटीस ‘कळलेली’ असते. शिवाय सेटिंगमधून या खुणा बंदही करता येतात. म्हणजे जाणकार माणूस करड्या खुणांमागे लपू शकतो आणि भोळा सापडतो.

फौजदारी बाजूला तर प्रश्न आणखी नाजूक. पोलिसांनी चौकशीला बोलावल्याच्या नोटिशीला हजर राहिलं नाही तर अटक होऊ शकते. म्हणूनच २१ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खालची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून भागणार नाही. ती कायद्यात ठरलेल्या रीतीनेच द्यायला हवी.

ही बातमी प्रत्येक घरात मोठ्याने वाचायला हवी होती, असं मला राहून राहून वाटतं. आमच्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका, वय ७४, मुलगा परदेशात. त्यांच्या फोनवर एक पीडीएफ आली. वर चार सिंहांची राजमुद्रा, खाली लाल शिक्का, मधे ‘अटक वॉरंट’. पाठोपाठ व्हिडिओ कॉल आला, पडद्यावर खाकी वर्दी. कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, बँकेतली रक्कम ‘तपासणीसाठी’ वळती करायची. तीन तास त्या पाणीही न पिता बसल्या होत्या. पोळ्यांच्या बाईंनी बेल वाजवली, दार उघडेना म्हणून शेजारच्यांना हाक मारली, तेव्हा तो कॉल तुटला. डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. पण बाईंचा विश्वास का बसला, हे त्यांनीच मला सांगितलं. “अरे, आता कोर्टाची नोटीस मोबाइलवर येते, असं मीच पेपरात वाचलं होतं.”

त्यांचं चुकलं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पत्र्याच्या पेटीतल्या पाकिटावर पोस्टाचे शिक्के होते, ओळखीच्या पोस्टमनचं अक्षर होतं. पीडीएफवरची राजमुद्रा कुणालाही चिकटवता येते.

मग खरं ओळखायचं कसं? त्या दिवशी बाईंना एक गोष्ट करून दाखवली, ती इथेही सांगतो. जिल्हा न्यायालयांत दाखल झालेल्या दाव्याला सोळा अक्षरांचा आणि अंकांचा एक सीएनआर क्रमांक मिळतो. पुणे जिल्ह्यातल्या दाव्याचा क्रमांक ‘एमएचपीयू’ या इंग्रजी अक्षरांनी सुरू होतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तो टाकला की पक्षकारांची नावं, कोर्ट, पुढची तारीख समोर येते. नोटीस आली तर घाबरायच्या आधी हा क्रमांक मागायचा. कुणी पैसे वळते करायला लावले असतील, तर लगेच १९३० ला फोन करायचा. गेलेली रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

बाईंनी चष्मा लावून कालनिर्णयच्या पाठीवर दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. मग फोन माझ्या हातात देत म्हणाल्या, “आता ती पीडीएफ पुसून टाक.” पुसू नका, म्हटलं. पोलिसांना ती दाखवावी लागेल. वडिलांच्या बंद पाकिटासारखी ती आहे तशी ठेवली.