दिल्लीच्या दरबारापासून नैरोबीपर्यंत

१३ जून १८१७ रोजी दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात इंग्रजांशी जो तह केला, तो गेलेल्या मुलखासाठी लक्षात राहिला. मला त्यातलं दुसरंच कलम जिव्हारी लागतं. यापुढे पेशव्यांनी परक्या दरबारी आपला वकील ठेवायचा नाही आणि परक्याचा वकील आपल्याकडे राहू द्यायचा नाही. खडकीची लढाई व्हायला अजून पाच महिने होते. तरी दुसऱ्या राज्याशी स्वतःच्या तोंडाने बोलण्याचा हक्क गेला, त्या दिवशीच पेशवाई संपली असं मी मानतो.

हा वकील म्हणजे परक्या राजधानीत वर्षानुवर्षं बिऱ्हाड करून राहिलेला आपल्या राज्याचा माणूस. थोरल्या बाजीरावाच्या काळात नाशिकचे महादेवभट हिंगणे दिल्लीत पेशव्यांची वकिली पाहू लागले. पुढे बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम, देवराव या मुलांनी ती चालवली. भारत इतिहास संशोधक मंडळाने छापलेलं हिंगणे दफ्तर चाळलं की या कामाचा आवाका कळतो. नजराणा ठेवणं, खिलत स्वीकारणं हा त्यातला लहानसा भाग. बाकी सगळी मेहनत लेखणीची. वजिराचं कोणाशी बिनसलं, फौजेचा पगार का तुंबला, अब्दाली कुठवर आला, हे सारं पुण्याला कळवायचं. जासूद पत्र घेऊन निघाला की उत्तर यायला आठवडे जात, आणि तोवर दिल्लीचा रंग पालटलेला असे. त्यामुळे पुष्कळदा वकिलाला स्वतःच्या अकलेवरच पाऊल टाकावं लागे. चुकलं तर दोष त्याचा, आणि जिवाची हमी यजमानाच्या मर्जीवर.

हैदराबादेत गोविंदराव काळे होते. चौथाईच्या थकबाकीचा वाद पेटला तेव्हा निजामाचा दिवाण मशीरुल्मुल्क याने भर दरबारात त्यांना सुनावलं, की नाना फडणिसांनी स्वतः येऊन हिशेब समजावून द्यावा. वकिलाचा अपमान हा धन्याचा अपमान. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजाम हरला आणि तोच दिवाण मराठ्यांच्या स्वाधीन करावा लागला.

तोवर पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट येऊन बसला होता. चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये आला. संगमावरच्या बंगल्यातून तो जे लिहून पाठवी, ते काम हिंगण्यांच्याच जातीचं. दरबारी चालीरीती तो मन लावून शिकला. पण १८०२ च्या वसईच्या तहाने त्याच्या वारसांच्या पाठीशी कंपनीची तैनाती फौज उभी राहिली, आणि पाहुणा म्हणून आलेला माणूस धनी झाला.

या सगळ्या परंपरेत माझ्या मनात सर्वांत वर आहेत रंगो बापूजी गुप्ते. १८३९ मध्ये कंपनीने साताऱ्याच्या प्रतापसिंह छत्रपतींना पदच्युत केलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले. कंपनीच्या संचालकांनी त्यांची वकिलीच मानली नाही. दरबार नाही, खिलत नाही, पाठीशी फौज नाही. मग हा माणूस लोकांकडे वळला. त्यांनी कागदपत्रं छापून वाटली, कंपनीच्या भागधारकांच्या सभेत जॉर्ज थॉम्सन यांच्यासारखे वक्ते उभे केले, पार्लमेंटात जोसेफ ह्यूम यांच्याकडून प्रश्न लावून धरला. १८४७ मध्ये धनी काशीला निवर्तले, पुढच्या वर्षी साताऱ्याच्या गादीवरचे राजे निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. तरी रंगो बापूजी १८५३ पर्यंत तिथेच झगडत राहिले. हाती काही लागलं नाही. पण परदेशात जाऊन तिथल्या जनमतालाच साकडं घालायचं, हे आजच्या मुत्सद्देगिरीचं नेहमीचं काम एका मराठी वकिलाने तेव्हा, कोणी शिकवलेलं नसताना केलं.

आजच्या राजदूताला मर्जीवर जगावं लागत नाही. १९६१ च्या व्हिएन्ना कराराने त्याला अटक करता येत नाही, त्याच्या परवानगीशिवाय दूतावासात शिरता येत नाही, टपालाची थैली उघडता येत नाही. तो नकोसा झाला तर कारण न देता परत पाठवता येतं, एवढंच. मात्र राजधानी फोनवर एका हाकेच्या अंतरावर आली आणि पंतप्रधान परस्पर बोलू लागले, तेव्हा त्याच्या स्वतःच्या निर्णयाला जागा कमी उरली. मला हे नुकसान मोठं वाटतं, कारण त्या देशात राहून, माणसं ओळखून आलेला अंदाज फोनवर मिळत नाही.

भारतीय परराष्ट्र सेवा ९ ऑक्टोबर १९४६ ला अस्तित्वात आली. १९४८ मध्ये औंधच्या राजघराण्यातले आप्पासाहेब पंत भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. अधिकृत व्यवहार ब्रिटिश वसाहत सरकारशी होता, पण आप्पासाहेबांनी मैत्री जोडली जोमो केन्याटांशी आणि इतर आफ्रिकी पुढाऱ्यांशी. सरकारला ते खुपलं, त्याने तक्रारी केल्या, आणि १९५४ मध्ये आप्पासाहेबांना पूर्व आफ्रिका सोडावी लागली. केन्याटा तेव्हा तुरुंगात होते. १९६३ मध्ये ते स्वतंत्र केनियाचे पहिले पंतप्रधान झाले.