यकृत ठणठणीत, तरी रक्ताची उलटी

यकृताचा आजार म्हटला की पहिला संशय दारूवर जातो. पोर्टल नीलेत गुठळी झालेल्या अनेक रुग्णांवर त्यामुळे अन्याय होतो. आतडी आणि प्लीहा यांच्याकडून यकृताकडे रक्त नेणारी ही मोठी नीला. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त तीच पुरवते. सिरोसिस नसतानाही ती तुंबू शकते, अगदी लहान मुलांतही.

नवजात बाळाच्या नाळेचा जंतुसंसर्ग, अपेंडिक्स किंवा स्वादुपिंडाची सूज, पोटावरची शस्त्रक्रिया, रक्त गोठण्याचे आनुवंशिक दोष, अस्थिमज्जेचे काही विकार अशी त्याची कारणे आहेत. विदर्भात सिकलसेलचाही विचार करावा लागतो, कारण त्या आजारात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. गडचिरोली, गोंदियाकडून नागपूरच्या ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’त येणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णाला पोटदुखी नवी नसते. तिला ‘नेहमीचीच कळ’ समजून डॉप्लर सोनोग्राफी राहून गेली, तर उपचाराची मोलाची वेळ निघून जाते.

गुठळी ताजी असेल तर आधी हेपॅरिनची इंजेक्शने आणि मग रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, साधारण किमान सहा महिने. गुठळी आतड्याच्या नीलांत पसरून आतडे काळे पडू नये, ही पहिली धडपड. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात अशा उपचाराने सुमारे ३९ टक्के रुग्णांची पोर्टल नीला वर्षभरात मोकळी झाली होती.

जुनी गुठळी मात्र सहसा विरघळत नाही. तिच्याभोवती बारीक नीलांचे जाळे तयार होते, दाब वाढतो, प्लीहा सुजते, अन्ननलिकेतील नीला फुगून फुटतात. अशा रुग्णाला रक्त पातळ करणारे औषध द्यायचे? प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी एंडोस्कोपी करून फुगलेल्या नीलांना रबरी बँड लावतात किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखे औषध सुरू करतात. २०२२ मधल्या फ्रेंच चाचणीत जुनी गुठळी असलेल्यांना रोज १५ मिलिग्रॅम रिव्हारोक्साबॅन दिल्यावर नव्या गुठळ्यांना आळा बसला. मुलांमध्ये शक्य असेल तेव्हा शस्त्रक्रियेने रक्त पुन्हा यकृतात वळवता येते.

प्रोटीन सी व एसच्या तपासण्या वॉरफरिन सुरू करण्याआधीच केलेल्या बऱ्या, कारण त्या औषधाने दोन्हींचे प्रमाण घटते. वॉरफरिन घेणाऱ्याचा आयएनआर बहुधा २ ते ३ दरम्यान ठेवतात. त्यासाठी पालक-मेथी सोडावी लागत नाही. आठवडाभर पाने नाहीत आणि मग एकदम ताटभर, एवढेच टाळायचे.