अठराव्या वर्षी घर कोण सोडतं?

बोरिवलीच्या नाही तर मुलुंडच्या कुठल्याही सोसायटीत बघा. मुलगा बारावी होतो, कॉलेज करतो, नोकरीला लागतो, पहिल्या पगाराचे पेढे वाटतो आणि लग्न होईपर्यंत आईवडिलांकडेच राहतो. पुष्कळदा लग्नानंतरही, कारण भाडी परवडत नाहीत. याच उपनगरांत, अंधेरीपासून मानखुर्दपर्यंत, बालगृहांत वाढलेल्या मुलामुलींना मात्र अठरावं सरलं की सामान आवरावं लागतं. त्यांच्याविषयी आपण सहज जे बोलून जातो, ते तपासून पाहण्यासारखं आहे.

गैरसमज : अठरा पूर्ण झाली, सरकारची जबाबदारी संपली.

कायदा तसं म्हणत नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४६ मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना अर्थसाहाय्य देण्याची तरतूद आहे. सरकारी भाषेत याला अनुरक्षण म्हणतात. ते एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंत मिळू शकतं. २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांत तर सहा ते आठ जणांनी मिळून राहायची तात्पुरती घरं, प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, समुपदेशक असं बरंच काही लिहिलेलं आहे. मेख एवढीच, की कलम मदतीची मुभा देतं, सक्ती करत नाही.

कोविडमध्ये आईवडील दोघेही गेलेल्या मुलांसाठी २०२१ मध्ये केंद्राने योजना आणली, तेव्हा अठरा ते तेवीस दरमहा विद्यावेतन आणि तेविसाव्या वर्षी दहा लाख रुपये असा हिशोब केला. म्हणजे अठराव्या वर्षी माणूस आपल्या पायावर उभा राहत नाही, हे सरकारलाही ठाऊक आहे.

नियमांप्रमाणे मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी त्याच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा बालकल्याण समितीपुढे यायला हवा. माझ्या मते दोन महिने ही थट्टा आहे. बालगृहात भात शिजतो तो पन्नास जणांचा. उठायची, जेवायची, अभ्यासाची वेळ दुसरं कोणी तरी ठरवतं. पैसा हातात फारसा येतच नाही. अशा मुलीला एकटीपुरते तांदूळ किती घ्यायचे, वीजबिल थकलं तर काय होतं, पगार महिनाअखेरपर्यंत कसा पुरवायचा, हे दोन महिन्यांत कोण शिकवणार? आपली मुलं हे सगळं वर्षानुवर्षं बोलणी खात शिकतात. ही तयारी पंधराव्या-सोळाव्या वर्षीच सुरू व्हायला हवी.

गैरसमज : बालगृहातली सगळी मुलं अनाथ असतात.

अनेकांची आई किंवा वडील हयात असतात. गरिबी, आजारपण, दारू, मारहाण यांपायी मूल संस्थेत आलेलं असतं. अठरा झाल्यावर 'आता घरी जा' असं त्याला सांगितलं, तर ते घर बहुधा तेच असतं, जिथून त्याला हलवावं लागलं होतं.

गैरसमज : अनाथांना आरक्षण आहे, मग आणखी काय हवं?

आरक्षण आहे खरं. महाराष्ट्राने २०१८ मध्ये शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत एक टक्का जागा अनाथांसाठी ठेवल्या. त्यामागे अमृता करवंदे यांचा पाठपुरावा होता. गोव्यातल्या संस्थेत वाढलेल्या करवंदे अठरा झाल्यावर पुण्यात आल्या. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत चांगले गुण मिळवूनही कागदपत्रांच्या अटीपायी त्यांची संधी हुकली, तेव्हा त्यांनी थेट तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना गाठलं. निर्णय मोलाचाच आहे. पण त्याचा लाभ घ्यायला आधी अनाथ प्रमाणपत्र लागतं. मग परीक्षेच्या तयारीची दोन-तीन वर्षं कुठं राहायचं आणि काय खायचं, हा प्रश्न उरतोच. आणि ज्याचा बाप कुठं तरी जिवंत आहे पण विचारत नाही, त्याची गत अधिकच विचित्र होते.

गैरसमज : ही रिमांड होमची पोरं.

कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलांना चौकशीच्या काळात निरीक्षणगृहात, म्हणजे जुन्या भाषेत रिमांड होममध्ये, ठेवतात. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्यांसाठी बालगृह असतं. दोन्ही वेगळी आहेत. घरमालकाला हा फरक समजावत बसायची पाळी वीस वर्षांच्या मुलावर येते.

गैरसमज : नोकरी लागली की प्रश्न सुटला.

खरी गोष्ट इथून सुरू होते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा चार हजार रुपयांची तरतूद आहे. अंधेरीत स्टेशनजवळ एवढ्यात पीजीमधली कॉट मिळवून दाखवावी. मॉलमधली किंवा कुरिअरची नोकरी धरून भाड्याची सोय झालीच, तरी डिपॉझिट आणि ब्रोकरचं एक महिन्याचं भाडं आधी मोजावं लागतं. त्यानंतर सवालजवाब होतात. वडील काय करतात? गाव कुठलं? ओळखीचं कोण आहे इकडे? पैसे खिशात असूनही बोलणी अडतात ती इथं, कारण आपल्याकडे भाडेकरूपेक्षा त्याच्या मागचा माणूस पाहून घर देतात. नोकरीच्या अर्जावरही 'तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं' हा रकाना असतोच. बालगृहाचा नंबर तिथं लिहिला तरी अधीक्षक बदलून गेलेले असतात.

यावर तोडगा नाही असं नाही. अंधेरीत कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी स्वतःच्या नावावर फ्लॅट घेतात, लिव्ह अँड लायसन्सचा करार करतात, पोलिसांकडे नोंद होते आणि सोसायटी मुकाट्याने ना-हरकत देते. संस्थेनेही सहा मुलींसाठी तसाच करार करावा, आदर्श नियमांतली सामूहिक घरं अशीच उभी राहू शकतात. भाडं संस्थेकडून येणार, सही संस्थेची असणार. कंपनीच्या पोरांना हरकत न घेणारी तीच कमिटी मात्र इथं 'बॅचलर नकोत' हा ठराव काढून दाखवते.