मधपेटीचे पहिले वर्ष : मध मागू नका, माश्या टिकवा



गटातून फिरताना अलीकडे बांधावर, विहिरीशेजारी, आंब्याच्या सावलीला मधपेट्या दिसू लागल्या आहेत. कांद्याचे बी धरणारे, सूर्यफूल करणारे, डाळिंबाची बाग असणारे सभासद त्या हौसेने आणतात. गोष्ट आनंदाची आहे. पण पुढच्या फेरीला त्याच बांधावर गेले की पुष्कळदा ऐकू येते, "साहेब, माश्या गेल्या की हो! पेटी मोकळीच पडलीया." झाकण काढून पाहावे तर आत पांढरी जाळी, काळे पडलेले पोळे आणि मुंगळ्यांची रांग. मग दोष कधी माशीला, कधी पेटी देणाऱ्याला.

आमचे सांगणे असे की, पहिल्या वर्षी मोकळ्या होणाऱ्या पेट्यांत रोगाने जाणाऱ्या थोड्या. उपासमार, ऊन, मेणकिडा, शेजारची फवारणी आणि आपली घाई, यांनीच जास्त जातात. हे आम्ही शहाणपणा म्हणून सांगत नाही. आम्ही स्वतः पहिली पेटी आणली तेव्हा दर दोन दिवसांनी झाकण उघडून बघत होतो. चैत्रात चौकटीवर मध दिसला, तो सगळा काढून घेतला. घरच्यांना वाटीवाटीने वाटला. आषाढात पेटी मोकळी झाली. माश्या पळाल्या असे आम्ही तेव्हा चारचौघांत सांगितले. खरे तर त्यांच्या ताटातले आम्हीच उचलले होते.

म्हणून पहिल्या वर्षाचे गणित वेगळे धरावे. लागणीच्या उसाची मुळी चांगली राहिली तर खोडवा येतो, तसेच इथे आहे. पहिला पावसाळा भरल्या पेटीने निघाला, की मधाचा विचार पुढे करता येतो.

१. माशी कोणती घ्यावी

आग्या आणि फुलोरी या माश्या उघड्यावर एकच पोळे बांधतात, त्या पेटीत राहत नाहीत. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत, दगडी तालीच्या कपारीत, अंधाऱ्या जागी शेजारी शेजारी अनेक पोळी बांधते. म्हणून चौकटींच्या पेटीत ती नांदते. चौथी मेलिफेरा, म्हणजे युरोपीय माशी. ही 1960 नंतरच्या दशकात हिमाचल-पंजाबकडे रुजली व तिथून देशभर पसरली. ती मध जास्त देते, पण तिला फुलोराही तितकाच लागतो. फुलोरा संपला की पेट्या गाडीत घालून दुसऱ्या मुलखात न्याव्या लागतात. एका जागी राहून शेती करणाऱ्या नवशिक्या सभासदाने सातेरीपासून सुरुवात करावी. मात्र सातेरी रुसवी आहे. गैरसोय झाली की घर सोडते, हे ध्यानात ठेवावे.

एक पेटी घेण्यापेक्षा दोन घ्याव्यात. एकीची राणी गेली तर दुसरीतली अंड्यांची चौकट देऊन वसाहत वाचवता येते. घेताना चार-पाच चौकटी माश्यांनी झाकलेल्या असाव्यात, अंडी व पिल्ले दिसावीत. नुसत्या माश्या भरलेली पेटी घेऊ नये.

२. केव्हा आणि कुठे

पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेटी आणणे सोयीचे. कारळा, तूर फुलावर येतात. त्यामागून धने, कांद्याचे बी, रब्बी सूर्यफूल येते. माश्यांना जम बसवायला तीन-चार महिने मिळतात. जूनच्या तोंडावर आणलेली पेटी म्हणजे पाहुणा घरी आणून उपाशी ठेवण्यासारखे.

जागा अशी असावी की सकाळचे ऊन लागेल आणि दुपारी सावली राहील. पेटीचे तोंड शक्यतो पूर्वेकडे, पाठ वाऱ्याकडे. तोंडासमोरून येण्याजाण्याची वाट नको, जवळ जनावरे बांधायची जागा नको. पेटी उभ्या उसाच्या आत किंवा फडाच्या अगदी कडेला ठेवू नये. आत दमटपणा राहतो, तोडणीला टोळी आली की धांदल होते, आणि कुणी पाचट पेटवले तर पेटीसकट राख. पाचट पेटवू नका हे आम्ही दरवर्षी सांगतोच. आता त्याला हे आणखी एक कारण.

उन्हाळ्यात पेटीवर ओले पोते किंवा पाचटाचा थर टाकावा. जवळ पसरट भांड्यात पाणी ठेवून त्यात काटक्या-खडे टाकावेत, म्हणजे माश्या बुडत नाहीत. पिल्लांच्या जागी माश्या 34-35 अंश उष्णता राखतात. बाहेर 40 च्या वर गेले की पाणी आणून, पंखांनी वारा घालून त्या पेटी गार करतात. पाणी दूर असेल तर सारा दिवस त्यातच जातो.

३. पेटी उघडून काय पाहावे

आठ-दहा दिवसांतून एकदा, ऊन पडल्यावर, वारा-पाऊस नसताना उघडावी. बुरखा घालावा, थोडा धूर द्यावा, हालचाल सावकाश करावी. अंगाला अत्तर नको. माशी चावली तर नांगी नखाने खरडून काढावी. ज्यांना चावल्यावर अंगभर गांधी उठतात, दम लागतो किंवा चक्कर येते, त्यांनी घरगुती उपाय करत न बसता ताबडतोब दवाखाना गाठावा आणि हा उद्योग करू नये.

चार गोष्टी पाहाव्यात. एक, अंडी. घराच्या तळाशी तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक पांढरे अंडे दिसले म्हणजे गेल्या तीन दिवसांत राणी कामावर होती. राणी प्रत्यक्ष शोधत बसायची गरज नाही. दोन, पिल्ले सलग आहेत की मधेच घरे रिकामी. तीन, मध आणि पराग शिल्लक आहे का. चार, माश्यांनी न झाकलेली चौकट आहे का. असेल तर ती काढून घ्यावी. एवढे दोन ओळींत वहीत लिहून ठेवावे.

अंडी नाहीत आणि राणीही नाही, तर दुसऱ्या पेटीतील ताज्या अंड्यांची चौकट द्यावी. कामकरी माश्या त्यातून नवी राणी करतात. साधारण 16 दिवसांत ती बाहेर येते. त्यानंतर तिचे मीलन होऊन अंडी सुरू होईपर्यंत पेटीला हात लावू नये. ही वेळ चुकली तर कामकरी माश्याच अंडी घालू लागतात. एका घरात दोन-तीन अंडी दिसली तर हेच समजावे. त्या अंड्यांतून फक्त नर निपजतात आणि वसाहत संपते.

रोज पेटी उघडायची गरज नाही. दारापाशी पाच मिनिटे बसावे. पायांना परागाच्या गोळ्या लावून माश्या येत असतील तर आत बहुधा ठीक चालले आहे.

४. उसाच्या मुलखातली उपासमार

हा मुद्दा आपल्यासाठी सर्वात महत्त्वाचा. डोळ्यांना चहूकडे हिरवे दिसते, पण माशीला ते ओसाड असते. ऊस गवताच्या कुळातला. त्याच्या तुऱ्यात मकरंद नसतो. मका, ज्वारी यांच्यापासून पराग मिळतो, मकरंद नाही. मधमाशीमुळे उसाचे टनेज वाढत नाही, हेही स्पष्ट सांगतो. तिचा फायदा कांद्याचे बी, सूर्यफूल, कारळा, धने, वेलवर्गीय भाज्या व फळबागा यांना.

तेव्हा पावसाळ्यात व फुलोरा नसताना साखरेचा पाक द्यावा. एक किलो साखर, एक लिटर उकळून कोमट केलेले पाणी. थंड झाल्यावर वाटीत काटक्या टाकून, संध्याकाळी, पेटीच्या आत ठेवावा. बाहेर थेंब सांडू देऊ नये, नाहीतर शेजारच्या वसाहतीच्या माश्या लूट करायला येतात आणि दुबळी पेटी एका दिवसात उठते. दोन्ही पेट्यांना एकाच वेळी पाक द्यावा.

पांढरी साखरच वापरावी. "साखर कशाला, घरची काकवी घालतो की," असे एका सभासदाने आम्हाला सांगितले. काकवी, गूळ माश्यांना पचत नाही, त्यांना हगवण लागते. सभासद म्हणून मिळणाऱ्या साखरेतली दोन-चार किलो बाजूला काढली तरी दोन पेट्यांचा बराच आधार होतो. बाजारचा मधही पेटीत घालू नये, त्यातून रोगाचे बीज येऊ शकते.

गुऱ्हाळ आणि कारखान्याची गव्हाण यांपासून पेटी लांब ठेवावी. फुले नसली की माश्या रसावर तुटून पडतात, काहिलीत, रसाच्या टाकीत बुडून मरतात. ज्या परत येतात त्या रस आणून साठवतात. तो मध नव्हे.

कायमचा उपाय झाडांचा आहे. बांधावर शेवगा, करंज, जांभूळ, कडुनिंब, बोर लावावे. पूर्वहंगामी उसात कोथिंबिरीचे आंतरपीक घेता, त्यातली एखादी सरी फुलू द्यावी. तुरीची एक ओळ पाटाच्या कडेने धरावी.

५. शत्रू

मेणकिड्याचा पतंग पेटीच्या फटीत, तळपाटावरच्या कचऱ्यात अंडी घालतो. अळी पोळ्यातून बोगदे करत जाळी विणते. मजबूत वसाहतीत माश्या अळीला टिकू देत नाहीत. कीड फावते ती माश्या कमी व पोळी जास्त असतात तिथे. म्हणून रिकामी पोळी काढावीत, तळपाट दर पाहणीला पुसावा, फटी बुजवाव्यात, काळी जुनी पोळी वितळवून मेण करावे. पोळी पेटीशेजारी टाकू नयेत.

मुंगळ्यांसाठी घोडीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत आणि गवत टेकू देऊ नये. पेटीला टेकलेले एक पाते म्हणजे मुंगळ्यांचा पूल. गांधीलमाशी दारात धरणे धरून बसते; दार लहान करावे आणि जवळपासचे तिचे घर शोधून काढावे.

६. रोग

सातेरीचा मोठा रोग म्हणजे थैली रोग. हा विषाणूमुळे होतो. पिल्लू कोषात जाण्याआधीच मरते, पाण्याने भरलेल्या पिशवीसारखे दिसते, टोक वर उचललेले असते. चिमट्याने काढले तर पिशवीसकट निघते. 1991-92 च्या सुमारास दक्षिण भारतात या रोगाने सातेरीच्या वसाहतींचा फार मोठा संहार केला. यावर औषध नाही. लक्षण दिसताच त्या पेटीतील चौकट दुसरीत देऊ नये, हत्यारे व हात धुवावेत, पोळी कमी करून माश्या दाट ठेवाव्यात, पाक द्यावा आणि जाणकाराला दाखवावे. ज्या पेट्या तग धरतात त्यांच्यापासूनच पुढे वसाहती वाढवाव्यात.

पिल्ले पिवळसर, वेडीवाकडी पडून आंबट वास येत असेल तर तो जिवाणूचा रोग समजावा. दुकानातून प्रतिजैविक आणून पाकात घालू नये. त्याचा अंश मधात उतरतो आणि रोग दबून राहतो.

व्हरोआ नावाची तांबूस गोचीड सातेरीची जुनी सोबतीण आहे. सातेरी माश्या ती एकमेकींच्या अंगावरून काढतात, त्यामुळे सहसा तिचे फावत नाही. मेलिफेराला मात्र ती घातक ठरते. मेलिफेरा ठेवणाऱ्यांनी पिल्लांच्या चौकटी नियमित तपासाव्यात.

७. फवारणी

एका सकाळी दारासमोर मेलेल्या माश्यांचा सडा दिसला, तर बहुधा तो रोग नसतो, विष असते. माशी एक-दीड किलोमीटर सहज जाते, तेव्हा आपण फवारले नाही एवढ्याने भागत नाही. फुलावरच्या पिकावर कीटकनाशक मारू नये. मारणे भागच असेल तर माश्या घरी परतल्यावर, सायंकाळी मारावे. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही औषधे माशीला फार विषारी आहेत. उसाच्या सरीत फुललेले तण असेल तर तिथेही हाच नियम.

पेटी आणल्या दिवशी आजूबाजूच्या शेतकऱ्यांना भेटून सांगावे, "दादा, फवारायच्या आदल्या दिवशी तेवढा निरोप द्या." निरोप आला की रात्री दाराला जाळी लावावी, वर ओले पोते टाकावे, आत पाणी-पाक ठेवावा. भर उन्हात दिवसभर कोंडून मात्र ठेवू नये.

८. मध केव्हा

खालच्या पिलावाच्या कोठीतला मध माश्यांचा. त्याला हात लावायचा नाही. वरच्या मधकोठीतल्या चौकटीची तीन चतुर्थांश घरे मेणाने बंद झाली तरच ती मधयंत्रात घालावी. कच्च्या मधात पाणी जास्त असते, तो आंबतो. पाक देणे चालू असताना मधकोठी ठेवू नये. तो साखरेचा पाकच परत निघेल आणि विकला तर भेसळ होईल. उन्हाळ्याच्या अखेरीस वरचाही मध पुरता काढू नये. पुढे पावसाळा आहे. पहिल्या वर्षी काहीच निघाला नाही तरी वाईट वाटून घेऊ नये.

ज्यांना नीट शिकायचे आहे त्यांच्यासाठी पुण्याला खादी आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तर महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. महाबळेश्वरजवळच्या मांघरला 2022 साली मधाचे गाव म्हणून मान मिळाला. तिथल्या घरोघरच्या पेट्या एकदा डोळ्यांनी पाहून याव्यात. पेटी आधी नव्हे, शिक्षण आधी.

पेटी ठेवणाऱ्या सभासदांनी आपल्या गट कार्यालयात तसे कळवावे, म्हणजे आम्ही ऊस पाहणीला येऊ तेव्हा पेटीही पाहू. आणि आषाढ-श्रावणात, चिखलात कुणी पेटीकडे फिरकत नाही त्या दिवसांत, आठवड्याला एकदा वाटीभर पाक घेऊन जाण्यास विसरू नये.

— ऊस विकास विभाग